रामटेकेकाका ऐकत नाहीत

मी दारातून आत पाहिलं तेव्हा खुर्चीत सबवूफर बसला होता आणि रामटेकेकाका जमिनीवर रांगत होते.

यात मी तिखटमीठ लावलेलं नाही. गुडघे दुखतात म्हणून विहारातसुद्धा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसणारा हा सत्तरीला टेकलेला माणूस, लुंगी वर खोचून, भिंतीच्या कडेकडेने चारी पायांवर चालला होता. दोन हात पुढे गेला की थांबायचा, तळहात फरशीवर पसरायचा, डोळे मिटायचा, मान हलवायचा, पुन्हा पुढे. आणि समोर वेताच्या खुर्चीत, उशीबिशी लावून, तो काळा डबा पाहुण्यासारखा बसून धूम धूम करत होता. खुर्ची काकूंची होती. काकू दिवाणावर बसून मटार सोलत होत्या, एका हाताने, आणि नवऱ्याकडे अशा नजरेने पाहत होत्या, जसं काही हे रोजचंच आहे.

मी विचारलं, काका, काही हरवलं का. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी पोचल्यावर उठून बसले, खडूने फरशीवर फुली मारली आणि मग मला सांगितलं की डबा कुठं ठेवायचा हे ठरवायची हीच शास्त्रोक्त पद्धत आहे. "जिथं बसून आयकायचं तिथं डब्बा बसवाचा. आन् आपन डब्ब्याच्या जागी फिराचं. जिथं बराबर लागते, थे डब्ब्याची जागा." मी शाळेत गणित शिकवते. उत्तराकडून प्रश्नाकडे जाणं मला नवं नाही. पण त्यासाठी रांगावं लागतं हे मला त्या दिवशी कळलं.

आम्ही पोलाद कारखान्याच्या कॉलनीत, सेक्टर दोनमध्ये राहतो. खाली रामटेकेकाका, वर मी. माझे यजमान रसमड्याच्या एका कारखान्यात आहेत, त्यांच्या शिफ्टा बदलत राहतात, त्यामुळे खालच्या धूमधुमीचा सगळा प्रसाद माझ्या एकटीच्या वाट्याला. दुपारी चार वाजले की मी तपासायच्या वह्या काढायची आणि चार वाजून एक मिनिटाने माझ्या टेबलावरचं लाल पेन आपोआप चालायला लागायचं. एका मुलाला मी अशाने बरोबर उत्तरावर फुली दिली. तो भांडायला आला, आणि त्याचं बरोबर होतं.

आता काकांविषयी. अख्खी चाळीस वर्षं नाही पण त्याच्या आसपास त्यांनी पोलादाच्या मिलमध्ये काढली, आणि निवृत्त होताना मिल तिथेच ठेवून यायला ते विसरले. घरातली कोणतीही वस्तू 'चालू' नसते, ती 'ट्रायलवर' असते. नवा कुकर ट्रायलवर. पंखा दुरुस्त करून आणला, तर ट्रायलवर. मुलीच्या लग्नाला अठरा वर्षं झाली, नातू अकरावीला आहे, पण जावयांविषयी कुणी विचारलं तर काका गंभीरपणे म्हणतात, "चांगला वाटते. ट्रायलवर हाये." जावईसुद्धा आता फोनवर स्वतःची ओळख तशीच करून देतात.

पण कॉलनीत काका ओळखले जातात ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. रामटेकेकाका ऐकत नाहीत. हे मी मराठीत लिहिते आहे, पण मराठी, हिंदी, तेलुगू, छत्तीसगढी, प्रत्येक घरात आपापल्या भाषेत हेच म्हटलं जातं. डॉक्टरांनी तंबाखूचा खर्रा सोडायला सांगितला, ऐकलं नाही. विहाराच्या बैठकीत सगळ्यांनी एका बाजूने हात वर केले, काकांनी दुसऱ्या. बेल वाजवा, दार वाजवा, उघडायचे नाहीत. मागून रामराम घातला, जयभीम घातला, उत्तर नाही. बाजूच्या ब्लॉकमधल्या तिवारीजींनी एकदा भर रस्त्यात तीन हाका मारल्या, काका सायकल हाकत पुढे. तिवारीजी तेव्हापासून त्यांना 'लाट साहब' म्हणतात.

काकांना याचं दुःख तर नाहीच, उलट अभिमान. छाती पुढे काढून सांगतात, "मी कोनाचं आयकत नाई. मिलमध्ये फोरमनचं नाई आयकलं, तर हे कोन." मिलमध्ये कानात घालायला बोळे मिळायचे, ते यांनी शर्टाच्या खिशात ठेवून दिले. कान बंद केले तर मशीन काय म्हणते ते कसं कळणार, हा त्यांचा युक्तिवाद. साहेब आला की बोळे कानात, साहेब गेला की खिशात.

मी स्वतः याचा अनुभव घेतला. एकदा जिन्यावरून उतरताना त्यांची पाठ दिसली, म्हटलं संधी आहे. काका, आवाज जरा कमी ठेवाल का, मी म्हटलं. काका वळून हसले आणि म्हणाले, "हो ना. वांग्याचीच भाजी हाये आज." मी दोन दिवस धुमसत होते. थट्टा करावी माणसाने, पण बरोबरीच्यांशी.

सबवूफर आला तो कॅम्प-एकच्या बाजारातून, सायकलच्या कॅरिअरवर, दोरीने बांधून. सोबत दोन उभे स्पीकर होते. ते काकांनी जोडलेच नाहीत. एकावर काकूंच्या गोळ्यांचा डबा, दुसऱ्यावर प्लास्टिकची फुलं. म्हणजे गाणं जिथून यायचं ते तोंड बंद, आणि चालू काय तर फक्त पोट. वर मला गाणं कधीच ऐकू आलं नाही. धूम, धूम-धूम, मग गॅप, मग पुन्हा धूम. पिठाची गिरणी म्हणावी तर त्यात ताल होता आणि ताल म्हणावा तर त्याला गाणं नव्हतं.

रांगून शोधलेली जागा स्वयंपाकघराच्या दाराशी निघाली होती, म्हणजे खुर्चीच्या उजवीकडे. काकांनी स्वतः मारलेली फुली स्वतः पुसली आणि डबा डावीकडे नेऊन ठेवला. डावीकडे कोपरा होता, कोपऱ्यात आवाज घुमायला लागला, ठोका कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो कळेना. दुकानदार बिचारा घरी येऊन समजावून गेला की बेसला दिशा नसते, काका, उजवीकडे ठेवा, मागे ठेवा, कानाला फरक कळत नाही. त्याचं म्हणणं खरं होतं, मी नंतर वाचून पाहिलं. काका म्हणाले, "डब्बा डावीकडंच राहीन."

मग कोपऱ्याशी लढाई सुरू झाली. काकांनी कबाड्याकडून कन्व्हेयर बेल्टचा जाडजूड रबरी तुकडा आणला, कापून डब्याखाली चार पाय केले. कोपऱ्यात जुनी गादी उभी केली. डब्याच्या मागे ठोका उलट-सुलट करायचं एक बटण होतं, ते कधी इकडे कधी तिकडे. भिंतीपासून किती इंच, हे पट्टीने मोजून वहीत लिहायचे. आणि बटणाजवळ मिलमधली लाल पाटी टांगलेली, 'चालू न करें, आदमी काम पर है.' काकू म्हणायच्या, ही पाटी यांच्या गळ्यात टाका, डब्ब्याच्या नको.

माझ्या घरातले डबे खणखणतात अशी तक्रार मी काकूंकडे केली, तर काका ती तक्रार घेऊन न भांडता सरळ वर आले. हातात पेचकस आणि जुने पेपर. माझ्या स्वयंपाकघरात उभे राहून मला म्हणाले, "तुमी आयका. वाजते का? कुठं वाजते?" मी म्हणायचं साखरेचा डबा, की ते त्यावर हात ठेवायचे, मान डोलवायचे, खाली पेपरची घडी सारायचे. मग पुढचा डबा. तासभर मी ऐकत होते आणि ते हात ठेवत होते. मला वाटलं, बघा, माझ्याच घरात मलाच कामाला लावलं. डबे मात्र गप्प झाले हे कबूल केलं पाहिजे.

काकूंचं नाव सुमनबाई. विहारातल्या महिला मंडळाच्या त्या ढोलकवाल्या. म्हणजे होत्या. नामकरण असो, लग्न असो, चौदा एप्रिल असो, कॅम्प-एकमधून बायका त्यांना न्यायला यायच्या आणि त्या नसतील तर कार्यक्रम पुढे ढकलायच्या. गेल्या वर्षी त्यांना लकवा मारला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, डावा हात मांडीवर पडून राहिला. ढोलकीची जाड बाजू डाव्या हाताची. ढोलक साडीत गुंडाळून दिवाणाखाली गेली. मंडळाच्या बायका समजूत घालायला आल्या की उजव्या हाताने तरी वाजवा थोडं. काकूंनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "एका हातानं दार वाजवतेत, बाई. ढोलक नाई."

काकांनी तेव्हा स्वतः डावी बाजू वाजवून पाहिली होती. आठ दिवस मी ते वरून ऐकलं. नवव्या दिवशी काकूंनी सांगितलं की तुमी खिळे ठोकून राहिले, आणि ढोलक पुन्हा साडीत गेली. त्यानंतर महिन्याभराने सबवूफर आला, म्हणून मला वाटलं की बायको अशी गप्प बसली आणि यांना करमणूक सुचते आहे. मला काकांचा खरंच राग आला होता. लपवण्यात अर्थ नाही, कारण कॉलनीच्या तक्रारअर्जावर पहिली सही माझी आहे.

अर्ज तिवारीजींनी लिहिला. डबा रविवारपर्यंत घरातून काढावा, न काढल्यास कारखान्याच्या क्वार्टर-ऑफिसात तक्रार जाईल. निवृत्त माणसाला क्वार्टरविषयी कागद आला की त्याची झोप उडते, हे तिवारीजींना पक्कं माहीत होतं. त्यांनी आधी स्वतः जाऊन तोंडी सांगितलं होतं, तेव्हा काकांनी त्यांना दारातच ऐकवलं होतं की नवरात्रात तुमचं नऊ दिवस आयकलं, गणपतीत बाकीच्यायचं आयकलं, लग्नातले डीजे सगळ्यायचे आयकले, आता चार ते पाच माझं आयका. आता काकांकडून 'डबा काढतो' अशी लेखी सही आणायची होती, आणि मराठी बोलणारी म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

शनिवारी चारनंतर मी अर्ज घेऊन खाली गेले. दार लोटलेलं होतं. धूम धूम चालू होतं, पण त्यात आज आणखी काहीतरी होतं. बारीक, कोरडं, चटचट. मी दार ढकललं.

काकू आपल्या खुर्चीत होत्या. ढोलक त्यांच्या मांडीवर आडवी, सुटू नये म्हणून ओढणीने खुर्चीच्या दांड्याला बांधलेली. उजवा हात वाजवत होता. डावा हात मांडीवर, नेहमीसारखा. आणि डावीकडे कोपऱ्यातून, अगदी त्यांच्या डाव्या कोपराच्या बाजूने, धूम येत होतं, त्यांच्या चटचटीला चिकटून, मापात, एका ढोलकीचं असावं तसं. काका खाली फरशीवर बसले होते. एक तळवा डब्यावर, आणि डोळे काकूंच्या उजव्या हातावर.

मला कळायला वेळ लागला नाही. मी इतकी हुशार नाही, पण समोर दिसत होतं. चार वर्षांपूर्वी विहाराच्या कार्यक्रमात काकू वाजवत होत्या तेव्हा साउंडवाल्याने सगळं रेकॉर्ड केलं होतं आणि पेनड्राइव्हमध्ये भरून दिलं होतं. काकांनी ते लावलं आणि डब्याचं बारीक आवाज गाळायचं बटण अगदी खालपर्यंत फिरवलं. चाळणीतून पीठ खाली यावं आणि कोंडा वर राहावा तसं गाणं, टाळ्या, पेटी, उजवा हात, सगळं वर राहिलं. खाली आला तो नुसता डावा हात. काकूंचा.

काकूंनी अचानक हात थांबवला. "बंद करा. इथं मीच चुकली हाये. लय घाई करून राहिली मी तवा, हात धावून राहिला." काका तसेच डब्यावर हात ठेवून बसलेले. काकूंनी उजवा पाय फरशीवर दोनदा आपटला. काकांनी वर पाहिलं, काकूंनी तोंड त्यांच्याकडे करून, ओठ सावकाश हलवत, तेच पुन्हा म्हटलं. काकांनी बटण बंद केलं.

तिथे मी उभी होते, हातात अर्ज घेऊन, आणि मला वांगी आठवली. साखरेचा डबा आठवला. तिवारीजींच्या तीन हाका आठवल्या. एवढी वर्षं आम्ही सगळी म्हणत होतो की हा माणूस ऐकत नाही, आणि आमचं प्रत्येक वेळी अगदी बरोबर होतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी सरळ परत फिरणार होते. पण काकूंनी पाहिलं होतं.

"बसा," त्या म्हणाल्या. काकांना त्यांनी डोळ्यांनीच विचारलं आणि काकांनी मान फिरवली, म्हणजे सांग. मग काकूंनी सांगितलं. जाड आवाज तेवढा यांना कळतो, तोही अर्धा हाताने, अर्धा कानाने. बारीक आवाज बंद होऊन वीसेक वर्षं झाली. मुलीने मशीन आणून दिली कानात घालायची, ती कपाटात आहे. कुणाला सांगायचं नाही, अशी काकूंना शपथ आहे.

मी काकांच्या समोर गेले, त्यांना माझं तोंड दिसेल अशी बसले, आणि विचारलं की का लपवलं. लोक काय काय बोलतात तुम्हाला.

"बोलू द्या ना," काका म्हणाले. "बहिऱ्याची कीव करतेत लोकं. हेकडाले भेतेत. मले भेलेले चालतेत." मग डब्याकडे बोट करून म्हणाले, "मले घरात हिचं एवढंच आयकू येत होतं, मॅडम. हा डावा हात. थो बंद पडला, तर घर बंद पडलं माह्यासाठी."

यावर काकू म्हणाल्या की एवढं होतं तर पहिल्या दिवशीच सांगाचं, मी उगा सहा महिने रुसून बसली. आणि अर्ज पाहून विचारलं, हे काय हाये. मी म्हटलं, काही नाही, शाळेचं आहे.

बाहेर आले तर जिन्याखाली तिवारीजी उभे. त्यांनी अर्जाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "क्या बोले? माने?" खरं सांगितलं असतं तर ते विरघळले असते. माणूस वाईट नाही. त्यांनीच उद्या अर्ज फाडला असता, आणि परवापासून काकांशी ओरडून ओरडून, हातवारे करून बोलले असते, आणि त्यांचं पाहून सगळी कॉलनी. मी अर्ज उघडला, माझी सही लाल पेनाने खोडली, अशी खोडली की खालचं अक्षर दिसू नये, आणि त्यांच्या हातात दिला. "वो नहीं सुनते, तिवारीजी," मी म्हटलं. "और चार से पाँच मेरे घर में किसी को कोई तकलीफ़ नहीं है. ऊपर मैं रहती हूँ. ऑफिस जाना हो तो पहले मुझसे मिलिए." बत्तीस वर्षं वर्गात जो आवाज वापरला तोच वापरला. तिवारीजी अर्जाची घडी करत गेले. रविवार आला आणि गेला, अर्जाचं पुढे कुणी नाव काढलं नाही.

मी जिना चढायला लागले तेव्हा मागून पावलं आली. काका होते. माझं पेन आत राहिलं म्हणून आले असं म्हणाले, पण पेन माझ्या हातात होतं आणि ते त्यांना दिसत होतं. दाराकडे एकदा पाहून, आवाज खाली आणून, म्हणजे त्यांच्या अंदाजाने खाली, त्यांनी विचारलं, "मॅडम, ती उजव्या हातानं वाजवते, थे कसं वाजते?"

मी चढलेली पायरी पुन्हा खाली उतरले.

"पहिले येत होतं आयकू," काका म्हणाले. "लग्न झालं तवा. बसून आयकलं नाई कधी. वाटलं, कुठं जाते."

जिन्याचा कठडा लोखंडी पाइपचा आहे. काकांचा हात त्यावर होता. मी माझी बांगडी खाली ओढली आणि आताच ऐकलेलं, जसं जमलं तसं, त्या पाइपवर वाजवायला लागले. मला ताल येत नाही. दोनदा चुकले, पुन्हा पहिल्यापासून धरलं. काकांनी दुसरा हातही पाइपवर ठेवला आणि डोळे मिटले. मी थांबले तेव्हा त्यांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "अजून," आणि मी अजून वाजवलं.